तिकीट नाही, कुणीही यावं

१४ मार्च

बाळ,

वरती नुसतं ‘बाळ’ लिहिलंय, कारण ‘सूनबाई’ लिहू की नको, यावर बराच वेळ अडून बसले होते. तुझं दुसरं लग्न मीच पुढे होऊन लावून दिलं, तू निघालीस तेव्हा मीच पदर भिजेस्तोवर रडले. म्हणजे तू आता माझी लेक, आणि तुझा नवरा माझा जावई. लोकांना हे नातं पटो न पटो, मी त्यांना जावईबापूच म्हणणार. त्यांना सांग, जावयाचा मान हवा असेल तर सासूला थोडं घाबरायलाही शिका.

आता बातमी. हसू नकोस. मी इंग्रजीच्या वर्गाला जायला लागले आहे. वाचनालयाच्या वरच्या खोलीत, दर शनिवारी. माझ्या डाव्या हाताला नळदुरुस्ती करणारा एक गृहस्थ बसतो आणि उजव्या हाताला खिडकी. शिकवणाऱ्या बाई वयाने माझ्यापेक्षा लहान आहेत, पण त्या आत आल्या की मी आपोआप ताठ बसते.

या वयात हे खूळ कशाला, म्हणशील. मागच्या वेळी फोनवर चिमणी माझ्याशी भराभरा काहीतरी बोलली, मध्येच हसली. मीही हसले. मग तिने काहीतरी विचारलं. शेवटाला आवाज वर गेला, म्हणून प्रश्न आहे एवढं कळलं. मी म्हटलं, ‘येस’. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा ‘येस’. मग फोन तुझ्याकडे आला. आपण दोघी हवापाण्याचं बोललो. पण त्या दिवशी मशीनवर बसले तर सुईत दोराच जाईना. तुमच्या दोघांची भाषा वेगळी, म्हणून घरात मधली इंग्रजी आली. त्यात कुणाचीच चूक नाही. पण सख्खी नात, आणि मी तिच्याशी परक्या बाईसारखी ‘येस, येस’ करतेय. हे काही खरं नाही.

बाईंनी पहिला गृहपाठ दिला तो असा: शहरात जे मोफत संगीताचे कार्यक्रम होतात, त्यातल्या एकाला जायचं आणि इंग्रजीत वर्णन लिहायचं. म्हणाल्या, “तिकीट नाही, म्हणजे सबबही नाही.”

मी बागेतल्या कार्यक्रमाला गेले. हो, त्याच बागेत. घाबरू नकोस. ‘आई, तो विषय नको,’ हे तुझं बोलणं माझ्या पक्कं लक्षात आहे, आणि तो विषय या पत्रात येणार नाही. मी फक्त गृहपाठाला गेले होते.

वर्णनाची पहिली ओळ मी लिहिली होती, ‘एव्हरीबडी कम, नोबडी पे.’ बाई हसल्या, दुरुस्त केलं, आणि म्हणाल्या, पण आधीचीही खोडू नका. कोबीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला माणूस लिहिलाय. बूट काढून पाय गवतावर ठेवणारी बाई लिहिली आहे. एक कुत्रं टाळ्यांना दर वेळी भुंकत होतं, तेही लिहिलंय.

सोबतचा वेगळा कागद तोच आहे. चिमणीसाठी. द्यायचा की नाही ते तू ठरव.

तुझी आई

६ एप्रिल

बाळ,

तुझं उत्तर नाही. कामात असशील. मीही लग्नसराईच्या कामात बुडाले आहे. लोक हिवाळाभर खातात आणि उन्हाळ्यात माझ्याकडे येऊन म्हणतात, कोट आटला.

इंग्रजी मात्र मजेची चाललीये. त्यांच्याकडे ‘फ्री’ म्हणजे फुकटही आणि मोकळंही. मला हे फार आवडलं. आपलं ‘फुकट’ म्हटलं की कुणीतरी नाक मुरडलंय असं वाटतं. आणि मोफत कार्यक्रमाची खरी गंमत त्या मोकळेपणातच आहे. मधूनच यावं, मधूनच उठून जावं, कुणी अडवत नाही. कठड्याबाहेर उभं राहून ऐकलं तरी ते ऐकणंच. या वेळी मी स्टेशनसमोरच्या चौकात पितळी बॅंड ऐकायला गेले. एका बाईची गाडी चुकली ती बॅंडमुळे, आणि ती ‘जाऊ दे’ म्हणत बॅगेवर बसली. ते लिहिलंय.

‘अंगावर काटा आला’ याला इंग्रजीत काय म्हणायचं, असं बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, ‘गूजबम्प्स’. म्हणजे बदकाच्या जातीचा तो पक्षी, त्याची पिसं उपटल्यावर दिसते तशी कातडी. मी म्हटलं, बाई, मी एवढी गहिवरून गेले आणि तुम्ही माझं पाखरू करून टाकलंत! नळवाला इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. ‘गहिवर’ला तर शब्दच सापडला नाही. बाई म्हणाल्या, शोधून पुढच्या शनिवारी सांगते. अजून शोधतायत.

आता एक जरा अवघड. दाताचे डॉक्टर आले होते. तेच, बागेतल्या वाद्यवृंदाचे प्रमुख. काळा कोट कंबरेत सैल करून हवा होता. माप घेताना अवघडल्यासारखे उभे होते. लोक त्यांच्या खुर्चीत जसे बसतात तसे. मग म्हणाले, “आमच्या डबल बेसला मोठी चीर गेली आहे. तुमच्या घरी एक आहे... म्हणजे, अजून आहे का?”

मी म्हटलं, “आहे. पण तो माझा नाही, माझ्या लेकीचा आहे. तिला विचारून सांगते.”

तर विचारते आहे. तो कोपऱ्यात आहे तसाच आहे, माणसाएवढं थोरलं व्हायोलिनच जणू, मी शिवलेल्या खोळीत. मला त्याची अडचण होत नाही. पाहुण्यांना वाटतं, कुणीतरी भिंतीकडे तोंड करून उभं आहे, एवढंच. तू नको म्हणालीस तर नको. तो विषय काढला असं समजू नकोस. ही नुसती लाकडाची गोष्ट आहे.

तुझी आई

४ मे

बाळ,

काल जावईबापूंचा फोन आला होता. आधी सांगते, त्यांना रागावू नकोस. त्यांचं मोडकंतोडकं मराठी ऐकलं आणि मला वाटलं, हा माणूस बिचारा आरशासमोर उभा राहून तयारी करून आलाय.

“आई, मी एक चुगली करतो,” म्हणाले. “तुमचे कागद येतात. ती वाचते. स्वयंपाकघरात, उभ्यानेच. मग कपाटात ठेवते. चिमणीला देत नाही. मी म्हटलं, दे. ती बोलत नाही.”

“बरं,” मी म्हटलं.

“तुम्ही रागावल्या?”

“नाही हो.”

“मला त्याचा राग नाही, आई. तुमच्या मुलाचा. मला वाटतं, चिमणीला तो माहीत पाहिजे. पण मी सांगू शकत नाही. मी त्याला पाहिलं नाही.”

बाळ, तुला नवरा चांगला मिळालाय. ते फोन ठेवायचं विसरले, आणि मला बराच वेळ तुमच्या घरातल्या भांड्यांचा आवाज ऐकू येत होता. मीही ठेवला नाही.

आता तो विषय मी काढते आहे. एकदाच. वाचवत नसेल तर इथे थांब, मी समजून घेईन.

त्या रविवारी शेवटचं वाजवून झाल्यावर त्याने वाद्य आडवं ठेवलं, पायऱ्या उतरला आणि खालच्या पायरीवर जरा बसला. चिमणी तुझ्या कडेवर होती. तू लांबून हात केलास, त्यानेही केला. मग तो उठलाच नाही. डॉक्टर धावले, पण दाताचा डॉक्टर हृदयाला काय करणार? लोक अजून टाळ्या वाजवत होते, हे तू मला त्या रात्री सांगितलंस, आणि त्यानंतर पुन्हा कधी त्याच्याबद्दल बोलली नाहीस. टाळ्यांचा आवाज आला की तू खोलीतून उठून जायचीस, तेही मी पाहिलंय. म्हणून तू शहर सोडलंस तेव्हा मी अडवलं नाही.

मीही गेले नव्हते त्या बागेत. इतक्या वर्षांत एकदाही नाही. बाईंनी गृहपाठ दिला नसता तर गेले नसते. आणि गेले तीही कशी, तर सगळ्यात लांबच्या बाकावर, व्यासपीठाकडे पाठ करून बसले. माझ्या वर्णनात कोबी आहे, कुत्रं आहे, बूट आहेत, कारण माझ्यासमोर तेवढंच होतं.

तेव्हा तुला काय वाटत असेल ते मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. कागद कपाटात ठेवलेस ते ठीक केलंस. तू म्हणेपर्यंत मी नवे पाठवणार नाही. माझं लिहिणं चालू राहील; आता सवय लागली आहे आणि नळवाल्यापेक्षा मला एक गुण जास्त पडतो, तो घालवायचा नाही.

फक्त एवढंच. चिमणीला तो मेलेला माहीत आहे. जिवंत असतानाचा माहीत नाही.

तुझी आई

८ जून

बाळ,

पाकीट आलं. पोस्टमन दारातच थांबला होता सही घ्यायला आणि मी दोनदा चुकीच्या जागी सही केली.

तुझी एकच ओळ, ‘आई, चिमणीला दिलं.’ ती मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. खाली बारीक अक्षरात, ‘डबल बेसही द्या त्यांना. उभा राहून राहून कंटाळला असेल.’ हे वाचून मी हसले आणि मग खोळीला हात लावून जरा बसले.

डॉक्टर दुसऱ्याच दिवशी दोन माणसं घेऊन आले. जिन्यात वळवताना सगळ्यांची तारांबळ उडाली. एकजण म्हणाला, “मान सांभाळा, मान!” आणि मीच पटकन म्हणाले, “हळू रे, त्याला लागेल.” कुणी हसलं नाही. आता कोपरा रिकामा आहे. मी तिथे इस्त्रीचं टेबल सरकवलं आणि परत होतं तिथे आणून ठेवलं.

आणि चिमणीचा कागद! माझ्याच वर्णनावर हिरव्या पेन्सिलीने दुरुस्त्या. तीन ठिकाणी ‘द’ घातलाय, एका ठिकाणी काढलाय. वर्गात दाखवला तर बाई म्हणाल्या, “माझी नोकरी जाणार.” ‘एव्हरीबडी कम, नोबडी पे’ याच्याभोवती तिने चौकट काढून बाजूला लिहिलंय, ‘व्हेरी गुड, आजी’. इतकी वर्षं लोकांच्या कपड्यांच्या चुका काढल्या, पण मला असं ‘व्हेरी गुड’ कुणी दिलं नव्हतं.

पण शेवटी तिने एक प्रश्न विचारलाय. शब्दकोश घेऊन नीट लावला. ती लिहिते: आजी, तू माणसं लिहिलीस, कुत्रा लिहिलास, ऊन लिहिलंस. संगीत कुठे आहे? माझे पहिले बाबा वाजवायचे ते कसं ऐकू यायचं?

‘पहिले बाबा’. किती सरळ सोडवलंय पोरीने. आपण मोठी माणसं उगीच शब्दांपाशी अडतो.

या वेळी ‘येस’ म्हणून चालणार नाही. येत्या रविवारी जाते.

तुझी आई

२२ जून

बाळ,

गेले. या वेळी पहिल्या रांगेत, व्यासपीठाकडे तोंड करून बसले. तोंड करून बसणं हेच काम होतं, बाकी सगळं सोपं.

तो डबल बेस आता एक तरुण मुलगी वाजवते. दिवसा शहर बस चालवते म्हणे. दंड चांगले भक्कम. सुरू होण्याआधी ती माझ्याजवळ आली. म्हणाली, “काकू, वाजवणाऱ्याच्या बाजूला लाकडावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय. मी पुसलेलं नाही, पुसणारही नाही.”

“काय लिहिलंय?”

“‘घाई करू नकोस.’”

बहुतेक सुरुवातीला तो ताल सोडून पुढे पळायचा, म्हणून स्वतःसाठी लिहून ठेवलं असेल. लहानपणी जेवायचाही तसाच.

मग वाजायला लागलं. मी व्हायोलिनं ऐकली, बासऱ्या ऐकल्या, आणि बेस काही ऐकू येईना.  म्हटलं, आता लेकराला काय लिहू, की आजीला कळलंच नाही? म्हणून हात बाकावर टेकले, आणि तेव्हा तो सापडला. लाकडातून येत होता. कानाआधी तळव्याला कळला. मग कानालाही कळला, आणि मग कळल्यावाचून राहीना. सगळं वरचं वाजणं त्याच्यावर उभं होतं.

घरी येऊन तीन वेळा खोडून लिहिलं. सोबत पाठवते आहे, पण तुला आपल्या भाषेत सांगते. मी लिहिलंय: ‘तू झोपलेली असतेस आणि शेजारच्या खोलीत घरातलं कुणीतरी मोठं माणूस हळूहळू चालत असतं, तुला जाग येऊ नये म्हणून. तू जागी होत नाहीस, पण झोपेतही तुला माहीत असतं की घरात कुणीतरी आहे. तुझ्या पहिल्या बाबांचं वाजवणं तसं ऐकू यायचं.’

बाईंनी वाचलं. पेन उघडलं होतं ते मिटलं. म्हणाल्या, “एक ‘द’ राहिलाय. तो नातीसाठी ठेवू या.”

शेवटी टाळ्या झाल्या. त्या वेळी मी खाली बघत होते. मग मीही वाजवल्या. तुला हे सांगावं की नाही, असा विचार केला. सांगते. वाजवता आल्या.

सुट्टीत येता का तिघं? जागा कमी पडेल, पण ती तर नेहमीचीच.

तुझी आई

१७ ऑगस्ट

बाळ,

सुखरूप पोचलात, हे कळलं. जावईबापूंची पाठ कशी आहे? त्या खाटेवर त्यांचे पाय बाहेर लोंबत होते आणि तरी रोज सकाळी म्हणायचे, “मस्त झोप, आई.” असा खोटं बोलणारा जावई सगळ्यांना मिळो.

घर फार शांत झालंय. चिमणीने मशीनवर शिवलेला तो वाकडा रुमाल मी दुकानात लावून ठेवलाय. एका गिऱ्हाइकाने विचारलं, हा दुरुस्तीला आलाय का? मी म्हटलं, हात लावलात तर बघा.

सुट्टीत आलात तेव्हाच्या बागेतल्या रविवारबद्दल तू जाताना काही बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. पण मी तुला बघत होते. तू आधी फाटकाबाहेर थांबलीस. एक गाणं झालं, तू आत आलीस आणि झाडापाशी उभी राहिलीस. टाळ्या झाल्या तेव्हा परत फाटकापर्यंत गेलीस. जावईबापू उठायला लागले तर मी त्यांचा हात धरला. म्हटलं, “तिकीट नाही इथे. येऊ दे, जाऊ दे.” तू पुन्हा आलीस. शेवटच्या गाण्याला तू माझ्या शेजारी होतीस आणि तुझा हात थंडगार होता.

सगळं संपल्यावर बसवालीने चिमणीला वर बोलावलं आणि डबल बेसची जाड तार ओढू दिली. केवढा घुमला! आणि पोरगी घाबरून न जाता म्हणाली, “अगेन.”

ती खाली आली तेव्हा तू त्या पायरीवर बसली होतीस. तिला जवळ घेतलंस आणि इंग्रजीत काहीतरी सांगायला लागलीस. मी शेजारीच होते. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. तुला वाटलं असेल, आईला कुठे एवढं भराभर बोललेलं कळतंय.

बाळ, मला सगळं कळलं.

तू सांगितलंस की तू त्या बागेत पहिल्यांदा आलीस ती गाणं ऐकायला नव्हे, चपलेचा अंगठा तुटला म्हणून. फुकट बसायला मिळतंय म्हणून बसलीस, चप्पल हातात धरून. वादकांच्या मागच्या रांगेतला एक उंच मुलगा तुझ्याकडे बघत होता. सगळा वाद्यवृंद एका ठिकाणी थांबला आणि तो एकटा थांबायचा विसरला. त्या शांततेत एकच सूर, घूंऽऽ. सगळी बाग हसली. डॉक्टरांनी असं बघितलं की आता याचे दात काढतात की काय. आणि कार्यक्रम संपल्यावर तो सरळ तुझ्याकडे आला आणि म्हणाला, “चूक तुमच्यामुळे झाली. पण कधी माझी आई भेटली तर तिला सांगू नका. तिला वाटतं, मी कधी चुकत नाही.”

चिमणी किती हसली! जावईबापूही हसले. मी हसले नाही, कारण मला कळलंय हे तुला कळू द्यायचं नव्हतं. तू सांगत राहावंस, एवढंच वाटत होतं.

त्यातला एकच शब्द मला अडला. ‘ब्लश्ड’. मला आधी वाटलं, ब्रश. घरी येऊन शब्दकोशात बघितलं. लाजेने लाल होणे. म्हणजे तो लाजला होता! माझा तो दांडगोबा, दारात वाकून शिरावं लागणारा, तुझ्यासमोर उभा राहून लाल झाला होता. मी मशीनवर बसून एकटीच हसत होते, हसता हसता डोळे गळत होते, आणि डॉक्टरांच्या कोटाची शिवण वाकडी गेली ती गेलीच. उसवून पुन्हा घालेन.

त्याचं सगळं मला ठाऊक आहे, आणि आता नवं काही कळायचं उरलं नाही, असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं. तुझ्याकडे होतं.

अजून असेल तर सांग मला. हळूहळू सांग, आठवेल तसं. इंग्रजीत सांगितलंस तरी चालेल.

तुझी आई